वीसचं मिक्सिंग

तेलाचा थेंब पेट्रोलात पडला की लगेच विरघळत नाही. आधी तो थेंबच राहतो, निळा, काचेच्या मण्यासारखा, आणि सरळ तळाशी जातो. तळाला टेकल्यावर त्याच्या कडा सैल होतात, त्यातून धुरासारखी एक रेघ वर चढू लागते, आणि भांडं हलवलं नाही तर ती रेघ तिथेच रेंगाळत राहते. हलवलं की मणी, रेघ, सगळं नाहीसं होतं. उरतो फक्त रंग. पेट्रोलचा नारिंगी आणि तेलाचा निळा मिळून झालेला, हळदीच्या वाळू लागलेल्या पानासारखा मळकट हिरवा.

आकांक्षाला हा रंग नुसत्या नजरेनं ओळखता यायचा. वसमतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती रसायनशास्त्र शिकवत होती, तेव्हा रंग ओळखणं हा तिच्या पोटापाण्याचाच भाग होता. पण फ्लास्कमधलं द्रावण गुलाबी होताना तिला कधी भीती वाटली नव्हती. या हिरव्या रंगाकडे बघताना वाटायची. कारण हे पेट्रोल तिच्या धाकट्या भावाच्या, प्रज्ञेशच्या, शर्यतीच्या गाडीत जायचं होतं.

गाडी जुनीच होती, शंभर सीसीची टू-स्ट्रोक. दिवे, आरसे, मडगार्ड काढून टाकलेले, सायलेन्सर कापलेला, आणि माती धरून ठेवणारे जाड गुट्ट्यांचे टायर बसवलेले. कंपनीनं तिला तेलाची वेगळी टाकी आणि छोटा पंप दिला होता, तो प्रज्ञेशनं आणि गॅरेजवाल्या विजयकुमारनं वजन कमी करायला उपटून काढला. म्हणून तेल पेट्रोलातच मिसळून टाकावं लागे. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात तेलाचा वेगळा साठा नसतो. पेट्रोलबरोबर आत जे येईल तेवढंच. पिस्टन आणि सिलिंडर, धातू आणि धातू, यांच्यामध्ये तो हिरवा रंग एवढाच काय तो पडदा.

पडदा फाटला की काय होतं ते तिनं पाहिलेलं होतं.

आदल्या वर्षी कुरुंद्याच्या माळावर तिचा मावसभाऊ रत्नपाल पळत होता. शर्यतीच्या इंजिनाला एरंडेलासारखं तेल नाही, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. त्यात अगदीच खोटं काही नव्हतं; एरंडेल उष्णतेत टिकतं, धातूला चिकटून राहतं. पण ते पेट्रोलात नीट मिसळत नाही, आणि थंडीत तर वेगळं होऊन खाली बसतं. रत्नपालनं आदल्या संध्याकाळी मिश्रण केलं, डबा रात्रभर अंगणात राहिला, आणि सकाळी न हलवता त्यानं वरचं वर टाकीत ओतलं. वर राहिलं होतं ते जवळजवळ नुसतं पेट्रोल. सरळ पट्ट्यावर, भर वेगात, इंजिन धरलं. मेकॅनिक लोक असंच म्हणतात, धरलं. कुणी मागून मनगट धरावं तसं. मागचं चाक जागच्या जागी थांबलं, रत्नपाल हँडलवरून पुढे फेकला गेला, आणि मागून येणारी गाडी त्याच्या मांडीवरून गेली. आता त्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता.

त्या दिवशी नांदेडच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात पद्माबाईंनी, म्हणजे आकांक्षाच्या आईनं, लेकीचा हात घट्ट धरला होता.

"तू न्हाई म्हण त्याला. माजं हासण्यावारी नेतो. तुजं ऐकतो तो."

"सांगते, माय."

ते तिनं सांगितलं नव्हतं. त्याऐवजी तिनं त्याच्या पेट्रोल-तेलाचं काम आपल्या हाती घेतलं.

आणि एकदा घेतल्यावर ते तिनं तिच्या पद्धतीनं केलं. गावातल्या कुठल्या पंपाचं पेट्रोल घ्यायचं ते ती ऐकीव माहितीवर ठरवत नसे. गाळणकागदावर थेंब टाकायची; उडून गेल्यावर कागद कोरडा राहिला तर ठीक, तेलकट डाग राहिला तर त्यात रॉकेल आहे. प्रयोगशाळेतला हायड्रोमीटर घरी आणून घनता बघायची. सुटं तेल तिनं बंद केलं. सीलबंद डबाच, टू-स्ट्रोकसाठीच बनवलेलं, आणि त्यावरची तारीख बघून घेतलेलं. चारचाकीचं इंजिन ऑइल चालत नाही, ते नीट जळत नाही, मागे कोळसा सोडतं. हे सगळं ती प्रज्ञेशला समजावून सांगायची आणि तो गाडीच्या सीटवर उलटा बसून पेरू खात ऐकायचा.

"ताई, पण एरंडेलाचा वास लई भारी येतो गं. गाडी नुसती उभी असली तरी लोक म्हणतात, आली, रेसची गाडी आली."

"तुला पळायचंय का वास सोडायचाय?"

"दोनी."

"मग एरंडेल तू पी. गाडीला मी देते ते दे."

तो खो खो हसायचा. ती मापी नळी डोळ्यांसमोर धरून तेलाची रेघ बघायची आणि हसायची नाही. रेघ बरोबर लागली की तिला तेवढ्यापुरतं बरं वाटे. आज तरी तेलामुळे काही होणार नाही. मग 'न्हाई म्हण' ती गोष्ट पुढच्या वेळेवर जाई. मिसळणं आपण थांबवावं, हा विचारही तिनं कितीदा केला होता. नुसतं थांबवायचं, बाकी काही बोलायचं नाही. पण थांबवलं तर हा दुसऱ्या कुणाकडून मिसळून घेईल, आणि तो माणूस रेघ बघेल का? तिथे येऊन तिचा विचार दर वेळी अडायचा, आणि ती पुन्हा मापी नळी धुवायला घ्यायची.

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत कुरुंद्याची शर्यत आली, ती नेमकी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी. बाहेरून परीक्षक येणार होते, तिला सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. त्यातून गाडीत नवा पिस्टन बसवलेला. नवा पिस्टन म्हणजे अंगावर घट्ट बसलेला सदरा. तो सैल होईपर्यंत तेल जास्त हवं. एरवी ती पेट्रोलाच्या तीस भागांना एक भाग तेल घालायची. आज वीसला एक घालायला हवं होतं.

सकाळी तिनं कॉलेजच्या ऑफिसातून विजयकुमारच्या गॅरेजला फोन लावला. लाइनीवर खरखर होती आणि त्याच्या बाजूला कुणीतरी गाडी रेस करत होतं.

"विजूभाऊ, आज मिक्सिंग तुम्हीच करा. नवा पिस्टन आहे ना, वीसचं करा."

"वीसचं?"

"हो, वीस."

"येवढंच?"

"हो, एवढंच. बाकी सगळं नेहमीसारखं. मी परीक्षा संपली की येतेच."

तिला वाटलं, एवढाच निरोप का, असं तो विचारतोय. तिनं फोन ठेवला आणि वर प्रयोगशाळेत गेली.

परीक्षा शांतपणे चालली होती. खिडकीजवळच्या टेबलावर आरोही नावाची एक हुशार पण घाईची मुलगी होती. तिनं ब्युरेटचं वाचन घेतलं, कागदावर आकडा लिहिला आणि पुढच्या कृतीला लागली. आकांक्षा तिच्या मागे थांबली.

"बारा पूर्णांक चार काय?"

मुलगी गोंधळली. "मॅडम?"

"बारा पूर्णांक चार काय? बांगड्या? शेळ्या?"

शेजारची पोरं तोंड दाबून हसली. आरोहीनं लाजून आकड्यापुढे मिलिलीटर लिहिलं.

"आकडा एकटा काहीच सांगत नाही," आकांक्षा म्हणाली. हे वाक्य ती दर वर्षी प्रत्येक वर्गात म्हणत असे. पोरं तिच्या माघारी तिच्या आवाजात ते म्हणून दाखवायची, हेही तिला माहीत होतं.

दुपार कलल्यावर ती मोकळी झाली आणि कुरुंद्याच्या बसमध्ये बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद काढणं चालू होतं. शेतातून कढयांचा वाफारा येत होता, आणि शिजणाऱ्या हळदीचा तो मातकट, औषधासारखा वास बसमध्ये भरून राहिला होता. फाट्यावर उतरली तेव्हाच तिला माळावरून इंजिनांचा आवाज ऐकू आला. शर्यत सुरू झाली होती.

त्या आवाजाबरोबर रत्नपालचाही आवाज येत होता. पाय गेल्यापासून तो पळत नव्हता, पण शर्यतीशिवाय त्याला राहवतही नव्हतं, म्हणून मंडळानं त्याच्या हातात माइक दिला होता.

"पाव्हण्यांनो, दोरीच्या आत येऊ नका. ओ टोपीवाले बाबा, तुमालाच म्हणून राहिलो. पटत नसंल तं इकडं माज्या पायाकडं बघा, अन् मंग मागं सरका."

लोक हसून मागे सरकत होते. आकांक्षा गर्दीच्या कडेनं पुढे गेली. माळावर दोऱ्या बांधून आणि चुन्याच्या रेघा मारून लांबट वर्तुळासारखा रस्ता केला होता. एक सरळ पट्टा, शेवटी डावं वळण, मग उंचवटा, पलीकडचा बांध, आणि बांधाला लागून किसनरावांचं शेत. माळ गावाचा होता, पण किसनरावांच्या शब्दाशिवाय तिथे काही होत नसे. सुरुवातीचा आणि शेवटचा झेंडा तेच दाखवत. लाल झेंडाही त्यांच्याचकडे.

गाड्या उंचवट्यावरून उडून पट्ट्यावर आल्या. सगळ्यांच्या पुढे प्रज्ञेश. निळा शर्ट, वडिलांच्या वेळचं पांढरं हेल्मेट.

"आला, आला, पद्मामावशीचा लेक आला!" रत्नपाल माइकमध्ये ओरडला. "मागच्यांनो, त्याची पाठ नीट बघून घ्या, आज तेवढीच दिसनार हाय!"

तिच्या शेजारी उभा असलेला एक म्हातारा आपल्या सोबत्याला म्हणाला, "पाह्य, बाकीच्यांच्या गाड्या कशा चुलीवानी धूर फेकून राहिल्या. अन् ह्याची पाह्य. एकदम साफ."

"इंजन चांगलं असंल."

"तं काय."

आकांक्षानं पाहिलं. मागच्या गाड्यांच्या मागे निळसर धुराच्या जाड शेपट्या होत्या. प्रज्ञेशच्या मागे नुसती धूळ होती. धूर जवळजवळ नव्हताच.

वीसला एक या प्रमाणात तेल घातलं तर सगळ्यांत जास्त धूर या गाडीचा निघायला हवा होता.

ती विजयकुमारला शोधायला धावली. तो एका बाभळीच्या सावलीत पाने आणि स्क्रू ड्रायव्हर मांडून बसला होता, शेजारी पेट्रोलचा पांढुरका, आरपार दिसणारा प्लॅस्टिकचा कॅन. कॅन अर्धा उरला होता. तिनं तो उचलून उन्हाच्या दिशेला धरला.

नारिंगी. त्यात हिरव्याची नुसती शंका.

"विजूभाऊ, किती घातलंत?"

"वीस, मॅडम. तुमी म्हणले ना वीस." विजयकुमारनं खिशातून एक सिरिंज काढून दाखवली. "ह्यानं मोजून घातलं. तुमाला बराबर माप लागतं म्हणून दवाखान्यातून नवीकोरी आणली. लिटरला वीस एमएल. एक टिपकाबी इकडंतिकडं न्हाई."

तिनं सिरिंजवरच्या रेघा पाहिल्या.

वीस. त्याचं वीस म्हणजे लिटरला वीस मिलिलीटर. पंपावर, गॅरेजात, सगळ्या गावात माणसं तसंच म्हणतात. वीसचं, तीसचं, चाळीसचं, म्हणजे लिटरला तितकं तेल. तिचं वीस म्हणजे वीसला एक, लिटरला पन्नास. त्यानं तिच्या सांगण्यातला आकडा अचूक पाळला होता. आणि अंगावर घट्ट बसलेल्या नव्या पिस्टनला जेवढं तेल हवं होतं, त्याच्या निम्म्यापेक्षा कमी मिळत होतं.

येवढंच, असं त्यानं विचारलं होतं. हो, एवढंच, असं तिनं सांगितलं होतं.

"मला जरा कमी वाटलं व्हतं," विजयकुमार तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला, आणि त्याचा आवाज खाली आला. "पण म्हणलं, मॅडम सांगतात म्हंजे काही इचार असंल. मॅडम, चुकलं काय?"

"गाडी थांबवायला पाहिजे," ती म्हणाली आणि पळत सुटली.

किसनराव पट्ट्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर गुंडाळलेले झेंडे. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, तोंडात सुपारी. ती समोर जाऊन उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"किसनराव, लाल झेंडा दाखवा. शर्यत थांबवा."

"काहून? कोन पडलं?"

"कुणी पडलं नाही. प्रज्ञेशच्या गाडीत तेल कमी आहे. इंजिन धरेल."

किसनरावांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "मॅडम, पोरगं तुमचं पुढं चाललंय. दोन फेरे राह्यले. आत्ता थांबवलं तर बाकीचे गाववाले माजा गळा धरतील. म्हनतील, ह्येच्या बहिनीनं येऊन..."

"धरू द्या."

"अन् पळतीया की गाडी. साफ पळतीया. तुमी उगं भिऊन राहिल्या."

ती भीतच होती. पण काय सांगावं म्हणजे हा माणूस हलेल, ते तिला सुचेना. तिच्याजवळ होतं ते प्रमाण, घनता, तापमान. पिस्टन तापतो, फुगतो, सिलिंडर तेवढा फुगत नाही. हे सगळं वर्गात फळ्यावर लिहिण्यासारखं होतं. माळावर त्याचा काही उपयोग नव्हता.

तिनं मान वळवून रत्नपालकडे पाहिलं. तो जवळच टेबलाला टेकून उभा होता, माइक तोंडाशी.

"रत्नू," ती म्हणाली. "त्याची गाडी बिनतेलाची पळून राहिली. तुझ्यासारखी."

रत्नपालच्या तोंडातलं पुढचं वाक्य तिथेच राहिलं. माइक चालूच होता. त्यातून नुसता त्याचा श्वास माळभर ऐकू गेला. त्याचा एक हात खाली आपल्या गुडघ्याकडे गेला. मग तो माइकमध्येच बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, पण चेष्टेचा स्वर पार गेलेला.

"किसनकाका, लाल झेंडा. आत्ता."

किसनराव उठले. माणसं बघत असताना त्यांना बसून राहता येईना. त्यांनी लाल झेंडा उलगडला आणि पट्ट्याच्या कडेला जाऊन हात उंच केला.

पण गाड्या पलीकडच्या बाजूला होत्या. उंचवट्याआड. दिसत नव्हत्या, फक्त आवाज येत होता, आणि त्या सगळ्या आवाजांतून आकांक्षाला एकच ऐकू येत होता. तो बदलला होता. भरदार होता तो चिरका झाला होता, वर वर चढत होता, कुणीतरी दाताखाली वाळू चावावी तसा. सोड, ती मनात म्हणाली. थ्रॉटल सोड, मूठ सैल कर. ऐकू येत नाही का तुला? सोड.

त्यानं सोडला नाही. आवाज तसाच वर चढत गेला, आणि मग एकदम नव्हताच.

उंचवट्यापलीकडे धूळ उठली. एक गाडी आली, झेंडा बघून थांबली. दुसरी आली. तिसरी. पांढरं हेल्मेट आलं नाही.

ती दोरीखालून वाकून निघाली आणि माळ आडवा कापत पळाली. साडी पायांत येत होती, ती एका हातानं गोळा करून धरली. मागून कुणीतरी हाका मारत होतं. तिला दवाखान्याचा तो व्हरांडा आठवत होता, भिंतीला लावलेली बाकडी, आणि माय धरून बसली होती तो आपला हात. मायला आता काय सांगायचं, हे ती पळता पळता शब्दांत मांडून बघत होती आणि ते शब्द जुळत नव्हते.

उंचवट्यावर आल्यावर तिला तो दिसला.

बांधाला टेकून बसला होता. हेल्मेट शेजारी गवतावर. गाडी त्याच्यापासून थोड्या अंतरावर, किसनरावांच्या वाळत घातलेल्या हळदीत पुढचं चाक खुपसून आडवी पडलेली. त्याच्या शर्टाला पिवळी माती लागली होती आणि कोपराला थोडं खरचटलं होतं. तिला बघून तो दात दाखवून हसला.

"ताई! बघितलं का? पयला व्हतो मी!"

तिनं त्याचे खांदे चाचपले, मनगटं चाचपली, गुडघे वाकवून बघितले. दोन्ही वाकत होते. ती पुन्हा पुन्हा चाचपत राहिली, तेव्हा त्यानंच शेवटी तिचे हात धरले.

"काही झालं न्हाई गं. ए, काहून रडून राहिली? काही झालं न्हाई."

"क्लच दाबलास?"

"दाबला नव्हता तसा. वळणावर गिअर टाकायला दाबला, अन् त्याच येळी धरलं बघ गाडीनं. चाक जरासं घसरलं अन् सुटलं. नशीब म्हणायचं."

तिनं मागे वळून जमिनीकडे पाहिलं. थांबलेल्या चाकाची खूण स्पष्ट होती, खोल, सरळ, एखाद्या खाटेएवढी लांब. मग ती एकदम संपली होती, कारण तिथे त्याच्या हातानं क्लच दाबून चाक इंजिनापासून सोडवलं होतं. तो हात गिअर टाकायला एका श्वासाइतका उशिरा गेला असता तर खूण पुढे कुठे गेली असती, ते तिनं नजरेनं मोजलं. बांधाचे दगड तिथेच होते. यात तिची मापी नळी कुठेच नव्हती. तेल नव्हतं, प्रमाण नव्हतं. एक योगायोग होता.

"आवाज बदलला होता," ती म्हणाली. "मला पार तिकडे ऐकू आला. तुला नाही आला?"

"आला की. चिरका झालता. रत्नूभाऊच्या गाडीचा झालता ना, तसाच. मला आठवलंबी." तो गवताची काडी तोडत सहज बोलत होता. "घडीभर वाटलं, सोडावं. पण म्हणलं, ताईचं मिक्सिंग हाय. ताईचं हाय म्हणल्यावर काय होतंय? दुसऱ्या कुनी केलं असतं तं मी कवाच सोडला असता. तुजं असलं की मी थ्रॉटल सोडतच न्हाई."

एव्हाना विजयकुमार धापा टाकत येऊन पोचला होता. त्यानं आडव्या गाडीची किक हातानं दाबून पाहिली. ती हलली नाही. तो तसाच खाली बसला.

"माजी चुकी झाली, मॅडम. मी इचारायला पाह्यजे व्हतं."

"तुम्ही विचारलं होतं," आकांक्षा म्हणाली. "मीच नीट सांगितलं नाही. वीसला एक म्हणायला हवं होतं, मी नुसतं वीस म्हटलं. तुमचं माप बरोबर होतं."

"काय झालं? कशाचं वीस?" प्रज्ञेशनं विचारलं. विजयकुमारनं त्याला दोन वाक्यांत सांगितलं. प्रज्ञेशनं एकदा विजयकुमारकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, पण तिनं ते नीट बघण्याआधीच त्यानं ते हसून झटकलं.

"जाऊ द्या ना. मानूस हाय, चुकतो. आता पिस्टनचं काय ते बघा."

"नांदेडात मिळून जाईल," विजयकुमार जरा सावरून म्हणाला. "सिलिंडरला चरे पडले असतील, ते घासून घेऊ. औंढ्याच्या जत्रेच्या शर्यतीला उभी करतो गाडी."

"करा. औंढ्याला सोडत नसतो मी कुनाला." प्रज्ञेश उठून उभा राहिला आणि पँटीवरची माती झटकू लागला. "फक्त एक, ताई. औंढ्याच्या येळी तू सवता ये. फोनवर-बिनवर काही नको. तुज्या हातानं मिसळ, मंग मला काही बघायला नको."

मला काही बघायला नको.

गेलं वर्षभर ती जिवाच्या भीतीनं तेलाच्या रेघा बघत होती, आणि तिला वाटत होतं की त्यानं भाऊ वाचतोय. जी भीती त्याच्यापाशी असायला हवी होती, चिरका आवाज ऐकताच ज्या भीतीनं त्याचं मनगट आपोआप सैल पडायला हवं होतं, ती तिनं त्याच्याकडून काढून घेतली होती आणि एकटीच वागवत होती. त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं. फक्त ताई.

तिनं थांबवलं तर तो दुसऱ्या कुणाकडून मिसळून घेईल. हो, घेईल. मग त्याला कॅन उन्हात धरून रंग बघावा लागेल. आवाज ऐकावा लागेल. कदाचित तो पळणंच सोडेल, कदाचित नाही. यातलं काहीच तिला नळीत धरून मोजता येणार नव्हतं, आणि म्हणूनच तिला हे इतके दिवस बोलता आलं नव्हतं. आत्ताही तिची भीती जराही कमी झाली नव्हती.

उंचवट्यावरून रत्नपाल काठी टेकत, ताठ पाय बाजूनं फिरवत खाली येत होता. तो थोडा अलीकडेच थांबला. प्रज्ञेश धडधाकट उभा आहे एवढं त्यानं पाहिलं. मग त्यानं आकांक्षाकडे पाहिलं.

"काय गं, येशील ना?" प्रज्ञेशनं हेल्मेट उचलून काखेत मारलं. "औंढ्याला? वीसला एक म्हण, पन्नास म्हण, काय म्हणायचं ते म्हण. पण तूच कर."

आकांक्षानं पदरानं हात पुसले. बोटांना अजून त्या कॅनच्या पेट्रोलचा वास होता.

"प्रज्ञेश," ती म्हणाली, "यापुढे तुझ्या गाडीचं पेट्रोल मी मिसळणार नाही."